आठ विरुद्ध एक, आणि त्यानंतर

भारतातला शेवटचा ज्युरी खटला कोणता? सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हा प्रश्न हटकून सापडतो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते: नानावटी खटला, मुंबई, १९५९. मग त्या कमांडर नानावटींचे पुढे काय झाले असे विचारले, तर बरेच जण बिनदिक्कत सांगतात, सुटले की! ज्युरीने निर्दोष सोडले.

दोन्ही उत्तरे चूक आहेत. तो देशातला शेवटचा ज्युरी खटला नव्हता. आणि नानावटी निर्दोष सुटले नाहीत. त्यांना खुनाबद्दल जन्मठेप झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. निकालपत्र छापील आहे, कायद्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला ते शिकवतात. तरीही लोकांच्या डोक्यात बसला तो पडद्यावरचा नानावटी. साठ वर्षांत या एका खटल्यावर नाटक आले, चित्रपट आले, वेब मालिका आली, कादंबऱ्यांनीही त्याचा आधार घेतला. सलमान रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’मधला कमांडर साबरमती हा त्याच गोतावळ्यातला. कागदावरचा खटला आणि पडद्यावरचा खटला शेजारी ठेवून पाहिले, की खरी गोष्ट नेमकी कुठे कापली जाते ते दिसते.

आधी कागदावरचा खटला. कवस माणेकशा नानावटी हे नौदलातले अधिकारी, ‘आयएनएस म्हैसूर’ या युद्धनौकेवरचे दुसऱ्या क्रमांकाचे. पत्नी सिल्व्हिया मूळची इंग्लंडची. १९४९ साली पोर्ट्समथला नोंदणी पद्धतीने लग्न झालेले, तीन मुले, संसार मुंबईत. नवरा महिनोन्‌महिने समुद्रावर. त्या काळात मोटारींचा व्यवसाय करणाऱ्या प्रेम आहुजा यांच्याशी सिल्व्हियाचे संबंध जुळले. २७ एप्रिल १९५९ रोजी दुपारी तिने नवऱ्याजवळ ते कबूल केले.

त्या दिवसाचा तपशील न्यायालयाच्या निकालपत्रात आहे आणि तो कुठल्याही पटकथेपेक्षा चक्रावून टाकणारा आहे. सकाळी नवरा-बायको आजारी कुत्र्याला घेऊन परळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात गेलेले. येताना मेट्रो सिनेमाची तिकिटे काढलेली. जेवणानंतर कबुली. मग दीडच्या सुमारास नानावटींनी बायको-मुलांना ठरल्याप्रमाणे मेट्रोवर सोडले, स्वतः आपल्या बोटीवर गेले आणि रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी चालवत जायचे आहे असे सांगून भांडारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली. ती एका खाकी पाकिटात टाकली. आधी आहुजांच्या कचेरीत गेले. तिथे ते भेटले नाहीत, म्हणून नेपियन सी रोडजवळच्या सेटलवाड लेनमधल्या ‘जीवन ज्योत’ इमारतीत त्यांच्या फ्लॅटवर. आहुजा नुकतेच आंघोळ करून कमरेला टॉवेल गुंडाळून उभे होते. शयनगृहाचे दार आतून लागले. चार वाजून वीस मिनिटांच्या आसपास तीन गोळ्या सुटल्या आणि आहुजा मेले. नानावटी तिथून निघाले, नौदलाच्या वरिष्ठाला भेटले आणि त्याच्या सल्ल्याने पोलीस उपायुक्तांकडे जाऊन स्वाधीन झाले.

खटला मुंबईच्या सेशन्स कोर्टात न्यायाधीश आर. बी. मेहता यांच्यापुढे चालला, नऊ जणांच्या विशेष ज्युरीसमोर. बचावाला कार्ल खंडालावाला. कायद्याइतकेच चित्रकलेचेही जाणकार म्हणून त्यांचे नाव होते. सरकारी वकील सी. एम. त्रिवेदी. आहुजांच्या बहिणीच्या वतीने एक तरुण वकील कोर्टात बसून असत आणि सरकार पक्षाला मदत करत. ते राम जेठमलानी. पुढे त्यांचे नाव इतके मोठे झाले, की हा खटला त्यांनीच सरकारतर्फे चालवला असे आज सर्रास सांगितले जाते. कोर्टात युक्तिवाद करणारे सरकारी वकील मात्र त्रिवेदीच होते.

नानावटींचा बचाव काय होता, याबद्दलही लोकस्मृती गोंधळलेली आहे. ‘बायकोचा यार म्हटल्यावर नवऱ्याचा तोल जाणारच’ हा पेपरांतला बचाव. कोर्टातला पहिला बचाव वेगळा होता. पाकिटासाठी झटापट झाली, त्यात रिव्हॉल्व्हर चुकून उडाले, हा अपघात आहे, असे त्यांचे म्हणणे. अचानक प्रक्षोभाचा मुद्दा त्यामागून, पर्यायी म्हणून आला. सरकार पक्षाने अपघाताच्या कथेवर बोट ठेवले ते एका साध्या वस्तूच्या आधारे: टॉवेल. दोन माणसांची खरीखुरी झोंबाझोंबी झाली असती, तर आंघोळ करून आलेल्या माणसाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा राहिला? मृतदेहावर तो तसाच गुंडाळलेला होता.

कोर्टाबाहेर निराळाच खटला चालू होता. रुसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे उचलून धरली. एकीकडे देशाची सेवा करणारा देखणा नौसैनिक आणि दुसरीकडे पैसेवाला रंगेल सिंधी व्यापारी, अशी जोडी लावून आठवड्यामागून आठवडे मथळे झळकले. पारशी समाज नानावटींच्या मागे, सिंधी समाज आहुजांच्या बहिणीच्या मागे. मुंबईच्या रस्त्यांवर नानावटी रिव्हॉल्व्हर नावाची खेळणी आणि आहुजा टॉवेल विकले गेल्याच्या हकिकती आजही सांगतात. ज्युरीतले नऊ जण याच शहरात राहत होते आणि हेच पेपर वाचत होते.

ज्युरीने निकाल दिला: आठ विरुद्ध एक, निर्दोष. खुनाच्या आरोपातूनही आणि सदोष मनुष्यवधाच्या पर्यायी आरोपातूनही.

चित्रपटवाले बहुधा इथे थांबतात. कायद्याच्या दृष्टीने खरा खटला इथून सुरू झाला. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३०७ नावाचे कलम होते. सेशन्स न्यायाधीशाला ज्युरीचा निर्णय मान्य नसेल आणि न्यायासाठी आवश्यक वाटत असेल, तर त्याला ते प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवता येई. कुठलीही समंजस ज्युरी या पुराव्यावर असा निर्णय देऊच शकत नाही, असे मत नोंदवून मेहतांनी प्रकरण वर पाठवले. म्हणजे ज्युरीच्या निकालाने नानावटी एक दिवसही निर्दोष ठरले नाहीत.

उच्च न्यायालयात न्यायमूर्ती शेलत आणि न्यायमूर्ती नाईक यांच्या खंडपीठाने सगळा पुरावा पुन्हा तपासला. सरकारची बाजू तिथे यशवंतराव चंद्रचूड यांनी मांडली. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले. शेलतांनी म्हटले, मुळात न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा नीट समजावून सांगितलाच नाही. एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण आरोपीच ‘हा अपघात होता’ असे म्हणतो तेव्हा ते दाखवून देण्याचा भार पुरावा कायद्यानुसार त्याच्यावर येतो. ज्युरीला हे कुणी सांगितले नव्हते. नाईक दुसऱ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले: असा निर्णय कोणताही समंजस माणूस देणार नाही. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने खुनाबद्दल जन्मठेप सुनावली.

त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षेला स्थगिती दिली आणि नानावटींना नौदलाच्या ताब्यातच राहू दिले. सर्वोच्च न्यायालयात अपील चालू असताना राज्यपालाला असा हात घालता येतो का, हा नवाच प्रश्न उभा राहिला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सप्टेंबर १९६०मध्ये चार विरुद्ध एक मतांनी सांगितले की प्रकरण न्यायालयापुढे असेपर्यंत राज्यपालाचा हा अधिकार चालत नाही. एका खुनाच्या खटल्याने कार्यपालिका आणि न्यायपालिका यांच्यातल्या हद्दीचा प्रश्न सोडवून घेतला. हा प्रसंग पडद्यावर आणण्याइतका नाट्यमय नाही असे कोण म्हणेल? पण तो कुणी रंगवायला घेतलेला नाही.

मुख्य अपिलाचा निकाल २४ नोव्हेंबर १९६१चा, न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिलेला. तोपर्यंत राज्य बदलले होते. खटला भरला मुंबई राज्याने आणि अंतिम निकाल लागला तो ‘के. एम. नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने. सुब्बा रावांनी प्रक्षोभाचा कायदा जसा मांडला, तसा तो आजतागायत उद्धृत होतो. प्रक्षोभ गंभीर आणि अचानक होता का, हे आरोपीच्याच सामाजिक थरातल्या, तशाच परिस्थितीतल्या समंजस माणसाच्या मापाने पाहायचे. नुसते शब्द आणि हावभावही भारतीय कायद्यात प्रक्षोभ ठरू शकतात. आधीच्या घटनांनी मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली तीही लक्षात घ्यायची. मात्र प्राणघातक वार त्या रागाच्या भरातच झालेला हवा. राग निवायला वेळ मिळाल्यानंतर, ठरवून केलेला नव्हे. दीडला घर सोडले, चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या झाडल्या. मधल्या वेळात मेट्रो, बोट, भांडार, कचेरी आणि मग फ्लॅट. एवढ्या वेळात माणूस भानावर येतो, असे न्यायालयाने म्हटले आणि जन्मठेप कायम केली.

नानावटी सुमारे तीन वर्षे तुरुंगात राहिले. १९६४मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. जेठमलानींनी नंतर सांगितलेल्या हकिकतीनुसार त्यासाठी आहुजांच्या बहिणीची लेखी संमती मिळवली गेली आणि आयात परवान्याच्या प्रकरणात शिक्षा झालेले सिंधी व्यापारी भाई प्रताप यांनाही त्याच सुमारास माफी देण्यात आली, म्हणजे कुठल्याही समाजाची तक्रार राहू नये. पुढे नानावटी कुटुंबासह कॅनडाला गेले आणि २००३मध्ये तिथेच वारले. एकूण हिशेब असा: ज्युरीने सोडले, न्यायालयांनी शिक्षा दिली, सरकारने माफ केले. माफी मिळालेला माणूस आणि निर्दोष सुटलेला माणूस यांत कायद्याने जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता पडद्याकडे वळू. आर. के. नय्यर यांचा ‘ये रास्ते हैं प्यार के’ १९६३ साली आला तेव्हा नानावटी तुरुंगात होते. सुनील दत्त, लीला नायडू, रहमान आणि वकिलांच्या भूमिकांत अशोक कुमार आणि मोतीलाल. नायक नौसैनिकाऐवजी वैमानिक. सुरुवातीलाच पाटी: सर्व पात्रे आणि प्रसंग काल्पनिक. निकालही बदललेला. लीला नायडूंनी आपल्या आठवणींत तर असे म्हटले आहे की पटकथा नानावटी प्रकरणाच्या आधीच लिहून झाली होती. प्रेक्षकांनी अर्थातच तो नानावटींचाच सिनेमा समजला आणि तरीही तो चालला नाही.

मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांनी ‘अपराध मीच केला’ आणले. या खटल्याच्या बीजावर बेतलेले ते नाटक मराठी प्रेक्षकाने आपलेसे केले. गुलजारांचा ‘अचानक’ १९७३चा. त्यात विनोद खन्नाचा मेजर प्रियकरालाही मारतो आणि बायकोलाही, आणि त्याला फाशीची शिक्षा होते. जखमी कैद्याला डॉक्टरांनी जिवाचे रान करून वाचवायचे ते फाशी देण्यासाठी, हा त्यातला पेच. गुलजारांनी नानावटींच्या घटनेतून फक्त ठिणगी घेतली आणि आपली स्वतंत्र गोष्ट सांगितली. ती पाहून कुणी नानावटींबद्दल काही चुकीचे शिकेल अशी शक्यता नाही. कलावंताने घेतलेले स्वातंत्र्य म्हणतात ते हे.

ऑगस्ट २०१६मधल्या ‘रुस्तम’ची गोष्ट निराळी. तिथे सगळे जसेच्या तसे उचललेले दिसते: १९५९ची मुंबई, पारशी कमांडर, इंग्रज वळणाची बायको, सिंधी श्रीमंत, तीन गोळ्या, पारशी संपादकाचे खमंग साप्ताहिक, ज्युरी. तपशील इतका ओळखीचा, की प्रेक्षक सगळेच खरे धरून चालतो. आणि नेमक्या मोक्याच्या जागी गोष्ट वळवली जाते. नायक वकील न घेता स्वतःच आपला खटला चालवतो. खून निव्वळ बायकोपायी नसतो. नौदलाच्या खरेदीतला भ्रष्टाचार आणि देशप्रेम त्यात गुंफले जाते. शेवटी ज्युरी सोडते आणि नवरा-बायको नव्याने संसार सुरू करतात. मेहतांनी वर पाठवलेले प्रकरण नाही, शेलत-नाईक नाहीत, सुब्बा राव नाहीत, जन्मठेप नाही. नौदलातल्या जाणकारांनी तेव्हा अक्षयकुमारच्या गणवेशावरही बोट ठेवले होते. छातीवरच्या काही फिती अशा पदकांच्या होत्या, की ती पदकेच १९५९नंतर कित्येक वर्षांनी अस्तित्वात आली. पण फितीची चूक किरकोळ आहे. जन्मठेपेची शिक्षा गाळणे किरकोळ नाही. या भूमिकेसाठी अक्षयकुमारला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

२०१९ची ‘द व्हर्डिक्ट’ ही वेब मालिका त्या मानाने प्रामाणिक. खरी नावे घेऊन, खंडालावाला, त्रिवेदी, जेठमलानी, करंजिया अशी सगळी माणसे समोर आणून तिने खटला उलगडला. मानव कौल नानावटी, मकरंद देशपांडे त्रिवेदी, सौरभ शुक्ला करंजिया. दहा भागांची ऐसपैस जागा असल्याने कोर्टाच्या पायऱ्या नीट चढता आल्या. पण ‘रुस्तम’ जितक्या लोकांनी पाहिला तितक्यांपर्यंत ती पोहोचली नाही.

नानावटींनी ज्युरी पद्धत संपवली, हा समज या सगळ्यावर कडी करतो. विधी आयोगाने ज्युरी पद्धत बंद करावी अशी शिफारस केली ती आपल्या चौदाव्या अहवालात, १९५८ साली. आहुजांवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी. आयोगाचे अध्यक्ष होते मुंबईचे मोतीलाल सेटलवाड. मुळात ज्युरी देशभर कधीच नव्हती. मुंबई, कलकत्ता, मद्रास या इलाखा शहरांत आणि सरकारने ठरवलेल्या मोजक्या जिल्ह्यांत, तेही ठरावीक गुन्ह्यांसाठी. स्वातंत्र्यानंतर एकेक राज्य ती गुंडाळत होते. नानावटी खटल्याने त्या मताला जोर आला, हे खरे. पण त्यानंतरही काही ठिकाणी, विशेषतः बंगालमध्ये, ज्युरीसमोर खटले चालत राहिले. १ एप्रिल १९७४ला नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली, तिच्यात ज्युरीला जागाच ठेवलेली नव्हती.

एक धागा मात्र उरला आणि तो पारशी समाजातच. पारशी विवाह आणि घटस्फोट कायद्याखालच्या न्यायालयात आजही न्यायाधीशांसोबत समाजातले पाच प्रतिनिधी बसतात आणि वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर मत देतात. पूर्वी ते सात असत.

ज्युरीशी महाराष्ट्राची ओळख नानावटींच्या कितीतरी आधीची, आणि ती कडू आहे. १८९७मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला तेव्हा ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन भारतीय होते. निकाल लागला सहा विरुद्ध तीन. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला समजावताना ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावून दिला होता. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरल्यावर सुटका कसली? अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८मध्ये पुन्हा तेच. सात विरुद्ध दोन, सहा वर्षे काळे पाणी, मंडाले. या दुसऱ्या खटल्यात टिळकांनी स्वतः उभे राहून दिवसचे दिवस ज्युरीसमोर युक्तिवाद केला. आरोपीने स्वतःच आपला खटला चालवण्याचा जो पराक्रम ‘रुस्तम’ने कमांडरच्या पदरात टाकला, तो मुंबईच्या न्यायालयात घडला होता खरा, पण टिळकांच्या हातून, आणि त्यांना शिक्षा झाली. त्या खटल्याचे न्यायाधीश होते दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वी बॅरिस्टर म्हणून टिळकांचा जामीन न्यायमूर्ती तय्यबजींकडून मिळवून देणारे वकील तेच. पटकथालेखकाने असे लिहिले असते, तर योगायोग फार झाला म्हणून निर्मात्याने खोडून टाकले असते.

टिळक पहिल्या शिक्षेत तुरुंगात होते त्याच वर्षी, १८९७च्या डिसेंबरात, अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते मद्रासचे वकील चेट्टूर शंकरन नायर. २०२५ साली आलेला ‘केसरी चॅप्टर २’ हा चित्रपट याच नायर यांच्यावर. त्यात नायर जालियनवाला बागेबद्दल ब्रिटिश सरकारवरच नरसंहाराचा खटला भरतात आणि साम्राज्याला भर कोर्टात उघडे पाडतात. भूमिका पुन्हा अक्षयकुमारची.

असा खटला कधी झालाच नाही. जनरल डायर कुठल्याही न्यायालयात आरोपी म्हणून उभा राहिला नाही. त्याची चौकशी केली ती हंटर समितीने, आणि तिथे त्याला टोकदार प्रश्न विचारून अडचणीत आणणाऱ्यांत मुंबईचे चिमणलाल सेटलवाड होते, मोतीलालांचे वडील. त्यामुळे समितीपुढे डायरने स्वतःच्या तोंडाने जे सांगितले, तेच त्याला भोवले. ‘नरसंहार’साठी चित्रपटात वापरलेला ‘जेनोसाइड’ हा इंग्रजी शब्दही राफाएल लेमकिन यांनी १९४४ साली घडवलेला. १९१९-२०च्या कोर्टात तो कुणी उच्चारू शकलाच नसता.

नायर यांचा खरा खटला लंडनचा, १९२४ सालचा, आणि तो त्यांनी कुणावर भरला नव्हता. त्यांच्यावर भरला गेला होता. ‘गांधी अँड अनार्की’ या १९२२च्या पुस्तकात त्यांनी पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर यांना अत्याचारांबद्दल जबाबदार धरले. ओड्वायर यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. न्यायमूर्ती मॅककार्डी यांच्यापुढे पाच आठवडे सुनावणी चालली आणि डायरने केले ते योग्यच होते, असे न्यायमूर्तींनी उघड बोलून दाखवले. बारा जणांच्या ज्युरीने अकरा विरुद्ध एक असा ओड्वायर यांच्या बाजूने कौल दिला. तो एकटा विरोधी सदस्य म्हणजे राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लास्की. माफी मागा, पैसे सोडून देतो, असे नायर यांना सुचवले गेले. त्यांनी ते नाकारले आणि पाचशे पौंडांची भरपाई व कोर्टाचा खर्च भरला. वय सदुसष्टच्या आसपास, परका देश, विरोधात न्यायाधीश, आणि तरीही माफी नाही. हा प्रसंग बाजूला ठेवून त्यांना एक न झालेला विजय बहाल करणे, यात त्यांचा गौरव कुठला?

इतिहासाच्या चुका अशा, तर कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या चुका आणखी जुन्या. भारतीय न्यायाधीश ‘ऑर्डर, ऑर्डर’ म्हणत लाकडी हातोडा आपटत नाहीत; तो अमेरिकेकडून सिनेमात आला. गीतेवर हात ठेवून शपथ घ्यायची सोय १९६९च्या शपथ कायद्यात नाही. साक्षीदार ईश्वराच्या नावाने शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो, हातात ग्रंथ नसतो. शेवटच्या क्षणी दार ढकलून आत येणारा साक्षीदारही बहुधा पडद्यापुरताच. साक्षीदारांची यादी आणि जबाबांच्या प्रती आरोपीला आधीच द्याव्या लागतात. न्यायालय कुठल्याही टप्प्यावर एखाद्याला बोलावू शकते, पण त्यासाठी अर्ज, आदेश आणि पुढची तारीख लागते. वकील साक्षीदाराला दरडावत त्याच्याभोवती फेऱ्या मारत नाही. साक्ष सावकाश होते, कारण न्यायाधीश ती वाक्यावाक्याने लघुलेखकाला सांगून लिहून घेत असतात.

हे सगळे मराठीत एकदा अचूक दाखवले गेले, चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये. लोकशाहीर नारायण कांबळेवरचा तो खटला काल्पनिक आहे. पण तारीख पे तारीख, कंटाळलेले पंखे, सरकारी वकिलाची घाई, न्यायाधीशांचे जबाब सांगणे, हे सगळे मुंबईच्या सेशन्स कोर्टात पाय ठेवलेल्या कुणालाही ओळखू येईल. काल्पनिक खटला खरा वाटतो आणि खऱ्या खटल्यांवरचे सिनेमे खोटे ठरतात, अशी ही गंमत आहे. ‘कोर्ट’ला २०१५मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा कोर्ट जसे असते तसे दाखवले तर लोक पाहत नाहीत, ही सबब आता चालण्यासारखी नाही.

दिग्दर्शकाने घटनेत फेरफार करू नये, असे कुणी म्हणणार नाही. गुलजारांनी ते केले आणि चांगले केले. आक्षेप आहे तो खरेपणाचा शिक्का मारून खोटा निकाल विकण्याला. ‘रुस्तम’ आणि ‘केसरी चॅप्टर २’, दोन्ही ठिकाणी एकच कात्री चालली आहे. नायक जिथे हरतो किंवा त्याला शिक्षा होते, तो भाग कापायचा आणि टाळ्या पडतील तिथे पडदा टाकायचा. त्यामुळे प्रेक्षक एक चुकीची समजूत घेऊन घरी जातो: गर्दीला जो आवडतो तो कोर्टात सुटतो. नानावटी प्रकरणातल्या तीन न्यायालयांनी नेमके उलटे करून दाखवले होते. शहर एका बाजूला, साप्ताहिके त्याच बाजूला, ज्युरीतले आठ जणही त्याच बाजूला, आणि तरी न्यायाधीशांनी दीड ते चार-वीस या वेळेचा हिशेब मागितला.

या निकषावर १९६३चा फसलेला सिनेमा २०१६च्या गाजलेल्या सिनेमापेक्षा सरळ होता. त्याने निकाल बदलला, पण ‘हे काल्पनिक आहे’ ही पाटीही लावली. ‘सत्य घटनेवरून’ असे शब्द ज्या चित्रपटाच्या प्रसिद्धीत येतात, त्याच्या शेवटी खऱ्या निकालाच्या चार ओळी दाखवायला निर्मात्याला फारसा खर्च येणार नाही. तोवर वाचकाने एवढे करावे: सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर २४ नोव्हेंबर १९६१चे निकालपत्र फुकट वाचायला मिळते. सोपे इंग्रजी येणाऱ्याला ते एका बैठकीत वाचून होते.